जोडीचा माइक

आमच्या माळ्यावर पत्र्याची एक पेटी आहे. तिच्यात जुने वायरलेस माइक ठेवलेत. प्रत्येक माइक त्याच्या रिसीव्हरला सुतळीनं बांधलेला, आणि दोघांवर ऑइलपेंटनं एकच नंबर. मध्यंतरी भंगारवाला आला, तो म्हणाला, "नुसते रिसीव्हर द्या की, माइक ठेवा तुम्हाला." मी नाही म्हटलं. त्याला वाटलं, मी भाव वाढवतोय. भावाचा प्रश्न नव्हता. जोडी फोडायची नाही, हा आमच्या धंद्यातला नियम आहे आणि तो मी एका माणसाचं नुकसान करून शिकलो.

आमचं गाव फलटण तालुक्यात, नीरेच्या काठाला. आबांनी 1971 साली लाऊडस्पीकरचा धंदा सुरू केला. दोन भोंगे, एक माइक, एक अहुजाचं मशीन आणि ट्रकची बारा व्होल्टची बॅटरी, एवढं भांडवल. अँप्लिफायर हा शब्द आमच्याकडं कुणी उच्चारत नसे, मशीनच म्हणत. गावात वीज होती, पण वाड्यावस्त्यांवर नव्हती. बैलगाडीत सगळं सामान घालून आबा लग्नाला जायचे. भोंगे लिंबाच्या झाडाला बांधायचे. भोंगा वाजला की शेजारच्या गावाला कळायचं, आज इथं काहीतरी आहे.

त्या काळातल्या सगळ्या भानगडी वायरीच्या होत्या. माइकची वायर मांडवातून मशीनपर्यंत यायची. तिच्यावरून वऱ्हाडी जायचे, पोरं अडखळायची, एकदा तर नवरदेवाच्या घोड्यानंच ती तोडली. तुटली की आबा दातानं प्लास्टिक सोलायचे, पीळ द्यायचे आणि वरून चिकटपट्टी. कीर्तनात जास्त पंचाईत. वारकरी कीर्तनात महाराज एका जागी थोडेच उभे राहतात! मागं टाळकऱ्यांची ओळ, बाजूला पखवाज, आणि महाराज रंगात आले की चार पावलं पुढं, चार पावलं मागं. माइक मात्र स्टँडवर. महाराज लांब गेले की आवाज लांब जायचा, जवळ आले की भोंगा शिट्टी मारायचा. आबा मशीनच्या बटणावर बोट ठेवून बसायचे आणि महाराजांच्या पायांकडं बघत राहायचे. "कीर्तन कानानं नाही, पायानं ऐकायचं," असं ते म्हणायचे.

वायरलेस माइक आमच्याकडं उशिरा आले, पण ते जगात जुने आहेत. 1953 साली अमेरिकेत शुअर कंपनीनं 'व्हॅगाबाँड' नावाचा बिनवायरीचा माइक काढला होता. त्यात ट्रान्झिस्टर नव्हते, बारक्या काचेच्या व्हॉल्व्ह होत्या. पुढं जर्मनीत रेडिओवाल्यांनी आणि झेनहायझरनं 1957 च्या सुमाराला तसलाच माइक टीव्हीच्या कामासाठी बनवला. पण हे माइक खरखरायचे. आवाज हवेतून जाताना त्याच्याबरोबर हवेतली सगळी खरखर येते, त्यावर इलाज नव्हता. तो इलाज सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात निघाला, आणि ज्या इलाजानं माइक सुधारला त्याच इलाजानं पुढं माझी फजिती केली.

आपल्याकडं हवेतून आवाज पाठवणं हे सरकारी काम समजलं जाई. 1933 चा वायरलेसचा कायदा होता, परवान्याशिवाय असलं यंत्र जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा. साधा रेडिओ ऐकायचा तरी पोस्टात फी भरून लायसन घ्यावं लागे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात ते बंद झालं. आबांनी ते लायसनचं पुस्तक जपून ठेवलं होतं. त्यामुळं पहिल्यांदा वायरलेस माइक घरात आला तेव्हा त्यांनी विचारलं, "पोलीस तर येणार न्हाईत ना रं?"

तो पहिला जोड मी पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणला. साल 1991. खिशात ठेवायची चपटी डबी, तिला कॉलरला लावायचा बारका माइक, आणि दुसरीकडं रिसीव्हर. डबीत नऊ व्होल्टचा चौकोनी सेल. रिसीव्हरला हातभर लांबीची अँटेना. ती हातभरच का, याचंही गणित आहे. आमचा जोड 180 मेगाहर्ट्झच्या आसपासचा. म्हणजे लाट साधारण पावणेदोन मीटरची, तिचा चौथा हिस्सा बेचाळीस सेंटिमीटर. तोच हात. दूरदर्शनचे पाच ते बारा नंबरचे चॅनलही 174 ते 230 मेगाहर्ट्झच्या ह्याच पट्ट्यात. सिंहगडावरच्या टॉवरचं मुंग्या-मुंग्यांचं चित्र पकडायला गावात लोकांनी वीस-वीस फुटी पाइप उभे केले होते, आणि त्यांच्या खालीच आमचा माइक चालायचा.

त्या वर्षीच्या सप्ताहाला महाराजांच्या उपरण्याला तो माइक लावला. ह्या महाराजांचं नाव मी लिहीत नाही. पंचक्रोशीतले जुने लोक ओळखतील. आमच्या गावात काल्याचं कीर्तन त्यांचंच, तीस वर्षं. आवाज मोठा नव्हता. गळाही फार गोड नव्हता. पण त्यांची एक लकब होती. अभंगाची फोड करत करत ते वर चढायचे, टाळ-पखवाज टिपेला जायचा, आणि एकदम हात वर करून सगळं थांबवायचे. मग जे सांगायचं ते अगदी हळू सांगायचे. शेजारच्याच्या कानात सांगावं तसं. हजार माणूस बसलेला मांडव श्वास रोखायचा. लहान पोरं सुद्धा गप. ते हळू बोलणं हेच त्यांचं कीर्तन होतं, बाकीची सगळी तयारी.

वायर गेली तसे महाराज मोकळे झाले. पार म्हाताऱ्यांच्या ओळीपर्यंत चालत जायचे. कीर्तन झाल्यावर आबांना म्हणाले, "पाटील, तुमच्या पोरानं माझ्या गळ्यातलं दावं सोडलं." त्या वाक्यावर मी पाच वर्षं मिरवलो.

1996 च्या उन्हाळ्यात ती डबी पाण्याच्या टाकीत पडली. लग्नात कुण्या पोरानं पाडली. वाळवून बघितली, उघडून बघितली, काही होईना. रिसीव्हर मात्र धडधाकट. नवा जोड घ्यायला पैसे नव्हते, दुष्काळी साल होतं, निम्म्या लग्नांचे पैसे गावातच अडकलेले. मी पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी हिंडलो. तिथं एका गोणपाटावर नुसता हातात धरायचा वायरलेस माइक पडला होता. रिसीव्हर नाही, डबा नाही. बुडाशी चिकटवलेल्या कागदावर मेगाहर्ट्झचा आकडा बघितला आणि माझे डोळे चमकले. आमच्या रिसीव्हरवर होता तोच आकडा! नव्वद रुपयांत घेतला.

घरी येऊन सेल घातला. रिसीव्हरचा लाल दिवा लागला. "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री." भोंग्यातून आवाज आला, तोही खणखणीत. उलट जुन्यापेक्षा खरखर कमी वाटली. मी आबांना म्हटलं, "बघा, शेकड्यात काम झालं."

काल्याच्या दिवशी महाराजांनी तो माइक हातात घेतला. सुरुवातीचा गजर झाला, ठीक चाललं होतं. महाराज वर चढले तसा भोंगा अंगावर आल्यासारखा गरजला. मी घाबरून बटण खाली घेतलं. मग त्यांनी हात वर केला. सगळं थांबलं. महाराज बोलायला लागले आणि मागच्या बाजूनं कुजबुज सुरू झाली. "ऐकू येत न्हाई." "मोठ्यानं बोला, महाराज." पुढच्या दोन ओळींना महाराजांचा स्वतःचा आवाज पोचत होता, मागं काहीच नाही. मी बटण वर केलं. महाराजांनी आवाज चढवला, भोंगा पुन्हा गरजला, पोरं दचकून रडायला लागली. मी पुन्हा खाली. असं तासभर चाललं. शेवटी महाराजांनी ते हळू बोलणं सोडूनच दिलं. उरलेलं कीर्तन एका सुरात, ओरडून उरकलं. दहीहंडी फुटली, प्रसाद झाला.

जेवणाच्या पंगतीत महाराज आबांना म्हणाले, "आता गळा राहिला नाही, पाटील. सत्तरी झाली. पुढच्या वर्षी दुसरं कुणी बघा." आबा गप्प बसले. मीही गप्प बसलो. मला खरंच वाटलं, महाराज थकले. माझा माइक तर चालत होता, दिवा लागत होता.

पुढच्या वर्षी दुसरे महाराज आले. त्यांचा आवाज मोठा होता, सगळं कीर्तन एकाच पट्टीत. त्यांना तो माइक चांगलाच चालला. त्यामुळं माझी खात्रीच पटली.

1999 मध्ये तो रिसीव्हर बिघडला म्हणून तपकीर गल्लीत एका कारागिराकडं नेला. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. मास्तरांनी रिसीव्हर उघडला, माइक उघडला, दोन्ही शेजारी ठेवले आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"हे लग्न कुणी लावलं?"

मी म्हटलं, "आकडा एकच आहे की."

"आकडा जुळला म्हणजे गाठ पडली. पत्रिका कुठं जुळलीय?" त्यांनी रिसीव्हरमधल्या एका आयसीवर पेचकसाचं टोक ठेवलं. "ही बघ, 571. आता तुझ्या माइकात दाखव."

माइकात ती नव्हती. तसं काहीच नव्हतं.

मग त्यांनी समजावून सांगितलं ते असं. हवेतली खरखर घालवायला माइकवाले एक युक्ती करतात. माइकमध्ये आवाजाची घडी घालतात आणि रिसीव्हरमध्ये ती उलगडतात. हळू आवाज आणि मोठा आवाज यांत समजा 80 डेसिबलचा फरक असेल, तर माइक तो 40 वर आणतो. हळू आवाज उचलला जातो, मोठा दाबला जातो, त्यामुळं वाटेत हळू आवाज खरखरीत बुडत नाही. रिसीव्हर तोच फरक परत दुप्पट करून 80 करतो. उलगडताना वाटेत चिकटलेली खरखरही खाली ढकलली जाते. आपण वाकळ घडी करून ट्रंकेत घालतो आणि मुक्कामाला गेल्यावर पसरतो, तसंच. पण दोन्ही टोकांना घडी एकाच पद्धतीची पाहिजे.

माझ्या जुन्या बाजारातल्या माइकला घडी घालणं माहीतच नव्हतं. तो आवाज आहे तसा पाठवायचा. आणि आमचा रिसीव्हर, घडी आहेच असं समजून, ती उलगडत बसायचा. महाराजांच्या चढ्या आणि हळू आवाजात 20 डेसिबलचा फरक असेल, म्हणजे आवाजाच्या दाबाच्या हिशेबानं दहापट, तर भोंग्यातून तो 40 डेसिबलचा, म्हणजे शंभरपट होऊन बाहेर पडायचा. मोठं ते अंगावर यायचं आणि हळू ते नाहीसं व्हायचं. वर मी, मोठ्या आवाजाला भिऊन बटण खाली घेतलेलं. खरखर कमी वाटली तीही ह्याचमुळं. खरखर हळू असते, ती बोलण्याआधी मेली होती.

मास्तरांनी विचारलं, "मागच्या लोकांना आवाज घोगरा येत होता की मधूनच गायब होत होता?" मला सांगता येईना. मी मशीनजवळ, म्हणजे महाराजांजवळच बसलेलो. घरी येऊन आईला विचारलं. ती सप्ताहात कायम मागं, बायकांत बसायची. भाकरी थापता थापता म्हणाली, "गळा न्हवता बसला त्यांचा. मधली मधली वाक्यं कुणी कातरीनं कापून न्यावी तशी जात हुती. मी तवाच म्हणलं हुतं, तू ऐकलं न्हाईस."

तिनं खरंच म्हटलं असणार. मला आठवत नव्हतं.

महाराजांचं गाव आमच्यापासून सतरा किलोमीटर. आठ दिवस मी टाळलं, मग सायकल काढली. महाराज ओट्यावर बसले होते, गुडघ्याला तेल चोळत. मी सगळं सांगितलं. आयसी, डेसिबल, घडी, सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्या जुन्या हळू आवाजात बोलले. दोन हातांवर बसलेल्या मला एकेक शब्द ऐकू आला.

"मला वाटलं होतं देवानं सुट्टी दिली. तू म्हणतोस मशीननं दिली."

मी पाया पडलो. म्हटलं, औंदा काल्याला या, वायरीचा माइक लावतो, चार माणसं वायर धरायला उभी करतो. ते गुडघ्याकडं बघून म्हणाले, "आता खरीच सुट्टी झाली, बाळ." थोड्या वेळानं म्हणाले, "मागच्या बायकांना ऐकू आलं नाही ते वाईट झालं. त्याच नीट ऐकतात." चहा झाला. मी परत आलो. त्यानंतर ते आमच्या गावात कीर्तनाला उभे राहिले नाहीत.

त्यानंतर मी हे शास्त्र जमेल तसं शिकलो. धंद्यातल्या पोरांना मी चार गोष्टी सांगायचो, त्या इथंही लिहून ठेवतो. पहिली, आकडा जुळला पाहिजे, पण तिथं थांबायचं नाही. दुसरी, घडी जुळली पाहिजे. घडी घालणारा माइक साध्या रिसीव्हरला जोडला तर उलटं होतं. सगळा आवाज सपाट, महाराजांचा श्वास आणि टाळकऱ्यांचा खोकलाही भाषणाइतकाच मोठा. दोन कंपन्यांच्या घड्याही एकमेकींसारख्या नसतात. तिसरी, आवाजानं लाट किती हलते ते जुळलं पाहिजे. घरच्या एफएम रेडिओवर ऐकायचे म्हणून जे स्वस्त माइक निघाले, ते लाट जोरात हलवतात. अरुंद रिसीव्हरला ती पेलवत नाही, आवाज फाटतो. उलट केलं तर आवाज किडकिडा येतो. चौथी गोष्ट पुढच्या काळातल्या चांगल्या माइकांची. ते बोलण्याबरोबर एक गुपचूप सूर पाठवतात, 32 किलोहर्ट्झच्या आसपासचा, माणसाच्या कानाला न ऐकू येणारा. रिसीव्हर त्या सुराची वाट बघतो. तो आला नाही तर दिवा लागतो पण तोंड उघडत नाही. चोपदारानं ओळख पटल्याशिवाय आत सोडू नये तसं. अशा माइकांनी मला कधी फसवलं नाही. जो बिलकुल चालत नाही तो प्रामाणिक. जो अर्धवट चालतो त्याच्यापासून सांभाळायचं.

एकापेक्षा जास्त माइक आले तेव्हा नवीच गंमत झाली. एका नाटकाला मी तीन जोड लावले, 180, 182 आणि 184 मेगाहर्ट्झचे. सारखं अंतर, दिसायला नीटनेटकं. पहिली दोन पात्रं जवळ आली की तिसऱ्या रिसीव्हरचा दिवा आपोआप लागायचा, तिसऱ्या माइकचं बटण बंद असताना! भुताटकीच वाटली. हिशेब सोपा निघाला. दोन माइक शेजारी आले की त्यांच्या लाटा एकमेकींत मिसळून नव्या लाटा तयार होतात. 182 ची दुप्पट 364, त्यातून 180 वजा केले की 184. तिसरा जोड 185 चा लावला आणि भूत गेलं. शेतात सरी-वरंब्याचं अंतर सारखं पाहिजे, हवेत मात्र वाकडं.

पुढं काळ बदलला. 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहानंतर भोंगा बंद. झाडावरचे भोंगे जाऊन मांडवात खोकी आली. हातभर अँटेनेचे जोड मागं पडले, विती-अर्ध्या वितीच्या अँटेनेचे यूएचएफ आले. त्यांच्या पट्ट्यालाही मोबाइलवाल्यांची नजर लागली. 2022 च्या लिलावात 700 मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइलसाठी विकला गेला. अमेरिकेत तर 2010 सालापासून त्या पट्ट्यात माइक वापरायलाच बंदी आहे. आताचे डिजिटल माइक आवाजाचे आकडे करून पाठवतात. जोडी जुळली तर बोलतात, नाहीतर गप्प. नव्या पोरांना घडी-बिडी ठाऊक नाही, आणि ठाऊक असायचं कारणही उरलं नाही.

तरी जुने जोड कुठं कुठं अजून चालतात. गेल्या वर्षी शाळेचे गुरुजी आले. सव्वीस जानेवारीला पोरांची भाषणं होती, भाड्याला पैसे नव्हते. मी माळ्यावरची पेटी खाली काढली, तीन नंबरचा जोड सोडला, सेल घातला. गुरुजींनी माइक हातात घेतला आणि सवयीनं ओरडले, "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग!"

मी म्हटलं, "गुरुजी, असं नाही." दुसरीतल्या एका मुलीला बोलावलं. ती घाबरली होती, तोंडातल्या तोंडात बोलत होती, मला तीच पाहिजे होती. तिला म्हटलं, तुझं नाव सांग, जमेल तेवढं हळू. आणि मी चालत मैदानाच्या पार शेवटाला गेलो, जिथं बायका बसतात तिथं. तिथं उभा राहून हात वर केला.

तिनं नाव सांगितलं. मला ऐकू आलं.